नाव नसलेले दिवस

सुरतेच्या पूर्वेला, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया आहे. नाव ऐकून नवखा माणूस डोंगर शोधू लागतो. पण इथे डोंगर तर सोडाच, साधा चढही नाही. आहे ती खाडी, आणि भर पावसाळ्यात घराघरांत शिरणारे तिचे पाणी. पर्वत हे मूळच्या गावाचे नाव. गावाच्या नावाची पाटी रस्त्यावर जिथे उभी असते त्या थांब्याला गुजरातीत पाटिया म्हणतात. गाव शहराने केव्हाच गिळले, पाटी मात्र नावात राहिली. आमचे धुळे, नंदुरबार, जळगावकडचे लोक भुसावळच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया असे पसरत गेले. पुरुष मागावर आणि मार्केटमध्ये, बायका घरी. मी नंदुरबारहून लग्न करून इथे आले, मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले आणि आता निवृत्त होऊन ओट्यावर बसून गल्लीचा कारभार पाहते.

आमची गल्ली म्हणजे एक कारखानाच आहे. त्याला छप्पर नाही आणि पगारपत्रकही नाही, एवढेच. सकाळी ठेकेदाराचा टेम्पो साड्यांची गाठोडी टाकून जातो. कुणी साडीला लेस लावते, कुणी टिकल्या आणि खडे चिकटवते, कुणी सुटे धागे कापते. साडीमागे ठरलेले पैसे मिळतात. संध्याकाळी तयार माल मोजून जातो, आणि गोंद बाहेर आला किंवा लेस वाकडी गेली तर साडी परत येते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी या दिवाळीला सुरतेची साडी आली असेल तर तिच्या काठावर अशाच एखाद्या ओट्यावरच्या बाईचा हात फिरलेला असण्याचा बराच संभव आहे.

अशा बायकांबरोबर बसले की पुस्तकात न सापडणारी भाषा कानावर येते. मासिक पाळीसाठीच पाहा ना, आपल्याकडे किती शब्द आहेत! कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, अडचण आहे, विटाळ आहे. शहरात आल्यावर त्यात ‘एमसी’ची भर पडली. त्या चार दिवसांचे नियम आहेत, अंथरूण-पांघरूण वेगळे आहे, आणि त्यात कळत-नकळत झालेल्या शिवाशिवीच्या दोषासाठी भाद्रपदात ऋषिपंचमीचे व्रतसुद्धा आहे. पण त्या चार दिवसांच्या आधीचे जे पाच-सात दिवस असतात, त्यांना मराठीत नाव नाही. माझ्या अहिराणीतही नाही. ज्या दिवसांत छाती दुखते, अंग जड होते, पोट फुगते, झोप उडते, साध्या शब्दाने डोळे भरून येतात आणि भांडे पडल्याच्या आवाजाने डोक्यात तिडीक जाते, ते दिवस आपण निनावीच ठेवले.

माझी आई त्या दिवसांत तांब्या-पितळेची भांडी काढायची. चिंच आणि राख घेऊन ती परसात बसली की आम्ही भावंडे हळूच गल्लीत पसार व्हायचो. घागर, तपेले, समया सगळे लख्ख व्हायचे. तिच्या हाताचा जोर पाहून आजी म्हणायची, “आज तिले बोलू नका.” बस्स, एवढेच. कारण कुणी विचारले नाही आणि आईनेही सांगितले नाही. दोन-तीन दिवसांनी ती दूर बसायची, आणि तेव्हा मात्र तिचा चेहरा निवळलेला असायचा. पुढे माझ्याही वाट्याला ते दिवस आले. फळ्यावर खडू करकरला तरी मला वर्ग सोडून निघून जावेसे वाटे. घागर-तपेली आमच्या सुरतेच्या दोन खोल्यांत नव्हती, म्हणून मी वह्या तपासत बसे. पाळी कायमची थांबली तेव्हा या एका गोष्टीतून मी सुटले. पण सुटकेची ही गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतलेला नाही. लिहायचे आहे ते माझ्या शेजारणीच्या सुनेविषयी.

शेजारणीला सारी गल्ली माई म्हणते. शिरपूरकडची, कष्टाळू आणि तोंडाने फटकळ बाई. तिची सून तेव्हा एकोणतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. हात असा चालायचा की लेस लावावी तर तिनेच. २०१८ सालच्या दिवाळीच्या सुमारास त्या घरातून दर महिन्याला भांडणाचा आवाज येऊ लागला. भांडण आधीही होत असावे, पण आता ते भिंतीपलीकडे ऐकू येण्याइतके वाढले होते. एकदा तिने साड्यांचे गाठोडे रस्त्यावर फेकले. एकदा लहान्याला मारले आणि मग त्याला पोटाशी धरून स्वतःच रात्रभर रडली. चार-आठ दिवसांनी पाहावे तर हीच सून हसत ओट्यावर बसून दोन्ही लेकरांना भरवते आहे. माईचे निदान पक्के होते: “तिना आंगमा काई तरी शिरस.” गावाकडून भगताचा अंगारा येऊन गेला. नवरा मार्केटमध्ये दिवसभर साड्यांचे पार्सल बांधून रात्री घरी यायचा. त्याने बोलणेच सोडून दिले होते. सुनेला माहेरी पाठवून द्यावे आणि परत आणू नये, इथवर बोलणे गेले.

ती एकदा माझ्याकडे हिशोबाची वही घेऊन आली. ठेकेदार पैसे कमी देतो असा तिचा संशय होता, आणि गल्लीत बेरीज-वजाबाकीचे काम मास्तरीण म्हणून माझ्याकडेच येते. वहीत रोजची तारीख, नेलेल्या साड्या आणि परत आलेल्या साड्या असे तीन रकाने होते. बेरीज करता करता माझ्या लक्षात आले की एरवी दिवसाला बारा-चौदा साड्या करणारी ही बाई दर महिन्याला काही दिवस पाच-सहावर येते, आणि परत आलेल्या साड्याही नेमक्या त्याच दिवसांतल्या आहेत. मी तिला विचारले, “या दिवसांत काय होते गं?” ती बराच वेळ गप्प बसली. मग खाली पाहत म्हणाली, “बाई, त्या दिन मी मनी ऱ्हात नही.” त्या दिवसांत मी माझी राहत नाही. आणि मग अगदी हळू आवाजात तिने सांगितले की त्या दिवसांत तिला खाडीच्या पुलावर जाऊन उभे राहावेसे वाटते.

हे ऐकून माझे हातपाय गार पडले. आणि त्याच क्षणी माईच्या घरचे कालनिर्णय आठवले. देवघराजवळच्या त्या कालनिर्णयावर माई सुनेच्या दूर बसण्याच्या तारखांना पेन्सिलीने गोल करीत असे. पूजा कुणी करायची, स्वयंपाकाला कुणी उभे राहायचे, याची सोय आधी लावता यावी म्हणून. मी वही घेऊन माईकडे गेले आणि सहा महिन्यांच्या तारखा समोरासमोर ठेवल्या. प्रत्येक गोलाच्या आधीचे पाच-सहा दिवस साड्या कमी, परतावा जास्त. गोल सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आकडा पुन्हा वर. गंमत अशी की तिचे सर्वांत जास्त काम दूर बसलेल्या दिवसांतच झालेले होते. तेव्हा डोके शांत होऊन जाई आणि चुलीपुढेही जायचे नसे. म्हणजे ज्या दिवसांत तिला बाजूला निवांत बसायला मिळत होते त्या दिवसांत मनाचा त्रास सरलेला असे, आणि ज्या दिवसांत विसाव्याची गरज होती तेव्हा ती स्वयंपाकघर, लेकरे आणि गाठोडी या तिन्हींत अडकलेली असे.

या त्रासाला इंग्रजी वैद्यकाने नाव देऊनही बरीच वर्षे झाली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३१ साली पाळीपूर्वीच्या ‘ताणा’वर लिहिले. १९५३ साली रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव पुढे आणले. डाल्टनबाईंचे स्वतःचेच डोके पाळीआधी ठणकत असे आणि गरोदरपणात ते थांबले, यावरून त्या विचार करू लागल्या होत्या. त्याच १९५३ साली आपल्याकडे र. धों. कर्वे वारले आणि त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. १९२७ सालापासून एकट्याच्या हिमतीवर मराठीत शरीराविषयी मोकळेपणाने लिहिणारे ते मासिक आणखी काही वर्षे चालते, तर या दिवसांनाही एखादे मराठी नाव मिळाले असते, असे मला उगाच वाटते.

डाल्टनबाईंची समजूत होती की शरीरात प्रोजेस्टेरॉन कमी पडते म्हणून हा त्रास होतो. पुढच्या काळात ती टिकली नाही. त्रास होणाऱ्या आणि न होणाऱ्या बायकांच्या रक्तात ही संप्रेरके साधारण सारखीच सापडतात. फरक आहे तो मेंदूच्या प्रतिसादात. बीज सुटल्यानंतरच्या सुमारे चौदा दिवसांत संप्रेरके चढतात आणि पाळीच्या तोंडावर उतरतात. बहुतेक बायकांचा मेंदू हा चढउतार सहज पचवतो, काहींचा पचवू शकत नाही, आणि मनाची घडी सांभाळणारी सेरोटोनिनसारखी रसायने त्यात विस्कटतात. थोडाफार त्रास बहुसंख्य बायकांना होतो. पण शंभरात तीन ते आठ जणींना तो इतका होतो की घर, काम आणि कधी कधी जीवही पणाला लागतो. या तीव्र प्रकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या ग्रंथात आजार म्हणून स्वतंत्र जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत तो २०१९ साली आला. ओळखायची खूण एकच आहे. पाळीआधी येणे, पाळी सुरू होताच काही दिवसांत जाणे, आणि मधले दिवस स्वच्छ असणे. मधलेही दिवस काळवंडलेले असतील तर दुखणे वेगळे असू शकते. म्हणूनच डॉक्टर आधी दोन महिन्यांची रोजनिशी मागतात. आमच्या सुनेची रोजनिशी ठेकेदाराच्या वहीत तयारच होती.

पण डॉक्टरही एकसारखे नसतात. पहिल्याने जिथे तिला नेले तिथे दोन मिनिटांत निकाल लागला. “लेकरे झाली ना? पिशवी काढून टाका, कटकट संपेल.” माईला हे पटले, कारण त्यात एकदाच पैसे जाणार होते. ते २०१९ सालचे उन्हाळ्याचे दिवस. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची बातमी सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत आली होती. तोडीच्या दिवसांत पाळीमुळे खाडा नको, दंड नको, म्हणून आणि खाजगी दवाखान्यांनी घातलेल्या भीतीने तिथल्या हजारो बायकांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकले होते. सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत अशा बायकांचा आकडा तेरा हजारांच्या वर गेला. मी ती बातमी माईला वाचून दाखवली. सांगितले की पिशवी काढली तरी बीजकोश जागेवरच राहतात, आणि हा महिन्याचा चढउतार बीजकोशांचा असतो. पाळी दिसणार नाही, पण ते दिवस येतच राहतील. फरक इतकाच पडेल की कालनिर्णयावर गोल करायला काही उरणार नाही. आणि तरुणपणी बीजकोशही काढले तर हाडांपासून हृदयापर्यंत वेगळेच हाल सुरू होतात. माई बराच वेळ घागरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग दुसरा डाक्टर दखाडू.”

दुसऱ्या डॉक्टरीणबाई लिंबायतकडच्या. त्यांनी वही आणि कालनिर्णयाची पाने टेबलावर मांडून घेतली आणि पंधरा मिनिटे नुसते ऐकले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघाले, थायरॉईड ठीक होते. खाडीच्या पुलाबद्दल त्यांनी आडपडदा न ठेवता विचारले आणि नवऱ्यालाही आत बोलावून ते ऐकवले. त्या दिवसांत तिला एकटी ठेवू नका, हे पहिले औषध. रोज चालणे, झोप, चहा कमी, लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम, हे दुसरे. कॅल्शियमने हा त्रास बराच कमी होतो असे १९९८ साली अमेरिकेत केलेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले होते. एवढ्याने भागले नाही तेव्हा त्यांनी मनावरच्या औषधाची छोटी गोळी दिली. ही औषधे या दुखण्यात महिनाभर न घेता पाळीआधीचे पंधरा दिवसच घेतली तरी चालतात. वेड्यांची गोळी म्हणून नवरा कचरला. त्यावर बाई म्हणाल्या, “साखरेच्या गोळीला लाजता का?” तो गप्प झाला.

श्रावणात कानबाई आली तेव्हा आणखी एक प्रसंग उभा राहिला. खानदेशी माणूस सुरतेत राहो की आणखी कुठे, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट करतोच. त्या दिवसांत घरात कुणाला अडचण नको, म्हणून गल्लीतल्या निम्म्या बायका औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतात. कुणाला विचारणे नाही, चिठ्ठी नाही. या गोळ्या म्हणजेही एक संप्रेरकच असते, आणि काही जणींचे मन त्याने आणखी बिघडते. सुनेची तारीख त्या वर्षी नेमकी कानबाईवर येत होती. माईने गोळी आणली नाही. पुरण धाकट्या जावेने वाटले, सून बाहेरच्या खोलीत लेस लावत बसली. कुणाला वाटेल यात काय मोठे? दूर बसवणे तर राहिलेच की. खरे आहे. पण ज्या बाईने गेल्या वर्षी भगत बोलावला होता तिने या वर्षी सुनेच्या डोक्याचा विचार देवीच्या आधी केला, हे मी डोळ्यांनी पाहिले आणि मला ते थोडे वाटले नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हे नाव हाती आल्यावर त्याचा दांडपट्टाही फिरू लागतो. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर ठेकेदाराने लेसचा दर कमी केला. सून भडकली. हिशोब घेऊन चार बायकांसह त्याच्या टेम्पोपुढे उभी राहिली. तेव्हा नवराच हसत म्हणाला, “तिचे दिवस आलेत वाटते!” मी वही उघडून पाहिली, तारीख मधल्या स्वच्छ दिवसांतली होती. आणि समजा त्या दिवसांतली असती, तरी काय? दर कमी झाला होता, हे तर खरेच होते. त्या दिवसांत येणारा राग हवेतून पडत नाही. दबलेले जे असते त्यावरचे झाकण त्या दिवसांत ढिले होते, आणि आत काय शिजते आहे ते बाहेर दिसते. झाकणावर उपचार जरूर करावा. पण भांड्यात काय आहे तेही एकदा पाहावे. बाईच्या प्रत्येक बोलण्याला तारीख लावून तिला गप्प करायचे असेल, तर नाव नव्हते तेच बरे होते असे म्हणायची पाळी येईल.

कायद्यापुढेही हा पेच आहेच. १९८१ साली मुलांना विहिरीत ढकलल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेल्या एका बाईला राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ साली याच दुखण्याचा विचार करून निर्दोष सोडले. सदतीस वर्षे! त्या बाईला वेळेवर कुणी विचारले असते, तर कदाचित ना ते मूल गेले असते ना तिचे आयुष्य. दुसरीकडे रजेचा प्रश्न. बिहार सरकारने आपल्या नोकरदार स्त्रियांना १९९२ साली महिन्यातून दोन दिवसांची रजा दिली. चांगलेच केले. पण रजा द्यायला आधी नोकरी लागते. साडीमागे पैसे घेणाऱ्या माझ्या गल्लीतल्या बाईला रजा देणार कोण? तिने एक दिवस हात थांबवला की गाठोडे शेजारच्या ओट्यावर जाते.

यावर गल्लीनेच एक तोड काढली. कुणी सभा घेतली नाही की ठराव केला नाही. सुनेच्या वाईट दिवसांत तिचे गाठोडे समोरची मारवाडीण उचलते, आणि मारवाडणीचे डोके धरते तेव्हा सून. साड्या ज्याच्या त्याच्या नावावर लागतात, महिनाअखेरीस फिटंफाट. वहीत त्यासाठी चौथा रकाना आला आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहावे असे मला विचारायला आल्या तेव्हा मी मराठी शब्द शोधू लागले आणि अर्थातच सापडला नाही. मारवाडणीने नुसता एक चंद्र काढला. तोच चालतो आहे.

सून बरी झाली असे मी म्हणणार नाही. ते दिवस येतात. कधी गोळी लागते, कधी लागत नाही. भांडणेही होतात, कारण ते घर आहे. पण खाडीच्या पुलाचे नाव तिने पुन्हा काढलेले नाही. आपल्या घरातली एखादी बाई महिन्याच्या ठराविक दिवसांत आपली राहत नसेल, तर आधी भिंतीवरच्या तारखा पाहाव्यात, मग तिला विचारावे, आणि ती जिवाविषयी काही बोलली तर ते खरे धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची १४४१६ या क्रमांकाची मनाच्या आजारांसाठीची फोनसेवाही २०२२ सालापासून सुरू आहे. ठेवून द्यावा क्रमांक जवळ, आपल्या नाही तर शेजारच्या कामी येईल.

माझ्या आईची तांब्याची घागर आता नंदुरबारला भावाकडे आहे. वहिनी ती कधीतरी घासते. मागे गेले होते तेव्हा ती परसात चिंच घेऊन बसलेली दिसली, आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी शेजारी येऊन सरळ म्हणाली, “आई, तुझे ते दिवस आहेत का? दे, मी घासते.” वहिनीने घागर तिच्याकडे सरकवली आणि आत जाऊन आडवी झाली.